बिघाड कोठें आहे?
(जुन्या मापन-कार्डांची व माउस-कीबोर्डांची तपासणी)



यंत्र अडलें म्हणजे आपल्या तोंडून पहिला प्रश्न निघतो, "कोणीं बिघडविलें?" वास्तविक पहिला प्रश्न "बिघाड कोठें आहे?" हा असावयास पाहिजे. पहिल्या प्रश्नानें मनुष्य सांपडतो, दुसऱ्यानें दोष सांपडतो. आणि पहिला प्रश्न घाईनें विचारला असतां पुष्कळदां भलताच मनुष्य सांपडतो. हें आम्ही पुस्तकांतून शिकलों नाहीं. गतवर्षीं आमच्याच प्रयोगशाळेंत, आमच्याच हातून झालेल्या एका चुकीवरून शिकलों. ती हकीकत पुढें येईलच. परंतु ती नीट समजण्यास आधीं थोडा धडा शिकला पाहिजे.

आमच्या पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेंत एक जुना संगणक आहे. त्यावर विंडोज ९८ ही प्रणाली चालते. एका कारखान्यानें नवीं यंत्रें घेतलीं तेव्हां हा संगणक शाळेस भेट मिळाला. त्याच्या आंत एक कार्ड बसविलेलें आहे. त्यास डेटा ॲक्विझिशन कार्ड म्हणतात. आपण त्यास मापन-कार्ड म्हणूं. बाहेरील विजेचा दाब मोजून त्याचा आकडा संगणकास देणें हें त्याचें काम. "एवढा जुना संगणक कशाला ठेवतां?" असें कांहीं पालक विचारतात. याचें उत्तर असें कीं, हें कार्ड आय्. एस्. ए. नांवाच्या खांचेंत बसतें. ती खांच १९८१ सालच्या आय्. बी. एम्. पी. सी. पासून चालत आली व १९८४ सालच्या ए. टी. मध्यें रुंद झाली. परंतु गेलीं वीसहून अधिक वर्षें घरगुती संगणकांत ती येत नाहीं. संगणक टाकला तर कार्डहि टाकावें लागेल, आणि कार्ड तर अजून चोख काम करतें. शिवाय या जुन्या यंत्रांत सर्व कांहीं उघडें दिसतें, म्हणून शिकण्यास तें फार चांगलें.

१. पांच मुक्काम

कीबोर्ड, माउस, जॉयस्टिक व मापन-कार्ड हीं संगणकाचीं ज्ञानेंद्रियें होत. यांपैकीं कोणाचाहि निरोप पांच मुक्काम करून पडद्यावर येतो. पहिला मुक्काम प्रत्यक्ष वस्तु, म्हणजे कळ, गोळा किंवा उष्णतामापक, दुसरा तार, तिसरा तारेचें टोंक व त्याची बैठक, चवथा संगणकाच्या आंतील पत्ता, आणि पांचवा तो निरोप वाचणारा प्रोग्राम. निरोप कोणत्याहि मुक्कामावर अडला तरी पडद्यावर दिसतें तें एकच: आकडा येत नाहीं, किंवा चुकीचा येतो. म्हणून पडद्याकडे पाहून दोष सांगतां येत नाहीं. एकेक मुक्काम तपासावा लागतो, आणि तोहि स्वस्त व सोपा आधीं, महाग व कठीण मागून, या क्रमानें. पुष्कळ जण याच्या उलट जातात. प्रथम प्रणाली पुन्हां भरतात, आणि शेवटीं पाहतात तों प्लगच सैल असतो!

२. माउस, कीबोर्ड व जॉयस्टिक

प्रथम नित्याच्या वस्तु घेऊं. जुन्या कीबोर्डाचें टोंक वाटोळें असून त्यांत सहा बारीक पिना असतात. या बैठकीस पी. एस्. टू म्हणतात, १९८७ सालीं त्याच नांवाच्या संगणकांबरोबर ती आली. कीबोर्डाची बैठक व माउसाची बैठक अगदीं सारखी दिसते, म्हणून पुढें कीबोर्डास जांभळा व माउसास हिरवा रंग ठरला. ज्या यंत्रावर रंग नाहीं तेथें अदलाबदल होते व दोघेहि मुके राहतात. हें टोंक संगणक चालू असतां काढूं किंवा घालूं नये. आंतील फ्यूज जाण्याचा संभव असतो. संगणक सुरू करतांना कीबोर्डाचे तीन दिवे क्षणभर उजळले, तर तेथवर वीज पोंचली असें समजावें. न उजळले तर तार व पिना पाहाव्या. एखादी पीन वांकलेली आढळते. ती बारीक चिमट्यानें हळूच सरळ करावी.

गोळ्याचा माउस अडखळूं लागला तर त्याच्या पोटाखालची चकती फिरवून गोळा बाहेर काढा. आंत तीन लहान रूळ दिसतील. त्यांवर धागे व मळ यांचें काळें कडें बसलेलें असतें. तें काडीनें खरवडून काढलें कीं माउस सरळ चालूं लागतो. आमच्या कपाटांत "मेलेले" म्हणून टाकलेल्या सात माउसांपैकीं पांच केवळ एवढ्यानें उठले.

जॉयस्टिकची गंमत निराळी आहे. तिच्या पंधरा पिनांच्या बैठकीस गेम पोर्ट म्हणतात. काठी हलविली कीं आंतील पोटेन्शियोमीटरचा विद्युत्-रोध शून्यापासून सुमारें १०० किलोओहमपर्यंत बदलतो. संगणक त्या रोधांतून एक लहानसा कपॅसिटर भरूं देतो, आणि तो भरण्यास किती वेळ लागला हें मोजतो. वेळ कमी तर काठी एका बाजूस, अधिक तर दुसऱ्या बाजूस. म्हणजे खेळाची काठी हें एक मापनयंत्रच झालें! काठी स्थिर असतां पडद्यावरील खूण थरथरूं लागली, तर पोटेन्शियोमीटरच्या पट्टीवर धूळ बसली असें बहुधा समजावें. परंतु कित्येक जुने खेळ हा वेळ प्रोसेसरच्या फेऱ्या मोजून काढीत. वेगवान संगणकावर तितक्याच वेळांत भलत्याच फेऱ्या होतात, आणि काठी निर्दोष असूनहि खेळ चुकतो. विंडोजनेंहि २००७ सालच्या व्हिस्टापासून या बैठकीचा आधार काढून घेतला. तेव्हां दोष वस्तूचा, कीं वाचणाऱ्याचा, हा प्रश्न येथेंच उभा राहतो. तो मनांत ठेवा.

३. पत्ता आणि घंटा

आतां चवथा मुक्काम. संगणकाच्या आंत प्रत्येक कार्डास एक पत्ता असतो. तो सोळाच्या अंकपद्धतींत लिहितात. आमच्या कार्डाचा पत्ता ३००. म्हणजे तीन गुणिले २५६, अर्थात् दशमान पद्धतींत ७६८. कार्डावरील इवल्याशा स्विचांनीं हा पत्ता ठरतो. प्रत्येक स्विच एक किंवा शून्य सांगतो. येथें एक फसगत होते: कित्येक कार्डांवर "ऑन" या शब्दाचा अर्थ एक नसून शून्य असा असतो. ३०० हा पत्ता प्रयोगाच्या कार्डांसाठीं मोकळा ठेविलेला असल्यामुळें पुष्कळ कारखानदारांनीं तोच धरिला. कांहीं जुनीं नेटवर्क कार्डेंहि तोच घेऊन येत. एका घरावर दोघांचीं नांवें असलीं म्हणजे हांक मारल्यावर दोघेहि ओ देतात, आणि शब्द कोणाचाच कळत नाहीं.

दुसरी वस्तु घंटा. कार्डास "माझें वाचन तयार आहे" असें कळवावयाचें असतें. त्यासाठीं तें एक ठराविक ओळ हालवितें. तिला आय्. आर्. क्यू. म्हणतात. कीबोर्डाची घंटा १, पहिल्या सीरियल पोर्टाची ४, प्रिंटरची ७. या जुन्या पद्धतींत दोन कार्डांनीं एक घंटा वांटून घेणें बहुधा साधत नाहीं. पहिल्या व तिसऱ्या सीरियल पोर्टाची घंटा मात्र एकच, म्हणजे ४. म्हणून पहिल्यावर माउस व तिसऱ्यावर मोडेम लाविला कीं मोडेम सुरू होतांच माउस गोठे. आणि बिचाऱ्या माउसास लोक फेंकून देत! ध्वनि-कार्ड बहुधा ५ ही घंटा धरून बसतें. मापन-कार्डासहि तीच दिली तर दोघांचेंहि बिनसतें.

विंडोज ९८ मध्यें डिव्हाइस मॅनेजर उघडला तर भांडणाऱ्या वस्तूवर पिवळें उद्गारचिन्ह दिसतें. परंतु अति जुनें कार्ड आपलें नांव स्वतः सांगत नाहीं. म्हणून चिन्ह नाहीं म्हणजे भांडण नाहीं असें समजूं नये. खरी परीक्षा ही कीं, इतर कार्डें काढून हें एकटेंच ठेवावें. एकटें चाललें तर बाकीचीं एकेक करून परत बसवावीं. ज्याच्या येण्यानें बिघडलें, त्याच्याशीं भांडण आहे.

कार्ड काढण्यापूर्वीं संगणक बंद करून भिंतींतील प्लगहि काढावा, धातूच्या पेटीस हात लावून अंगावरील स्थिर वीज उतरूं द्यावी, आणि स्विचांचें छायाचित्र घेऊन ठेवावें. पावसाळ्यानंतर कार्डाच्या सोनेरी कडेवर मळकट पापुद्रा येतो. मऊ खोडरबरानें ती कड हलक्या हातानें पुसून कण झाडून टाकावे. निम्मीं कार्डें यानेंच बरीं होतात असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

४. ज्ञात मापाची कसोटी

कार्ड बोलूं लागलें, पण खरें बोलतें काय? वाण्याचें तागडें तपासावयाचें तर आपण आपल्याकडील खात्रीचें वजन त्यांत टाकतों. कार्डाचेंहि तसेंच करावें. आमचें कार्ड १२ बिटांचें आहे. म्हणजे उणे ५ ते अधिक ५ व्होल्ट हा पल्ला तें ४०९६ पायऱ्यांत वांटतें. एक पायरी सुमारें २.४४ मिलिव्होल्टची झाली. प्रथम कार्डाचा मोजणीचा स्क्रू व अर्थचा स्क्रू एका लहान तारेनें जोडा. उत्तर शून्य आलें पाहिजे. मग दीड व्होल्टचा नवा सेल लावा व त्याच वेळीं मल्टिमीटरनेंहि मोजा. दोहोंत फार अंतर पडतां कामा नये. शून्याच्या जागीं व सेलच्या जागीं सारखीच चूक आली तर मोजणीचा आरंभच सरकला आहे. शून्य बरोबर असून सेल चुकला तर प्रमाण बिघडलें आहे. दोन्ही दोष बहुतेक कार्डांवर लहान स्क्रू फिरवून सुधारतां येतात.

रिकाम्या ठेविलेल्या स्क्रूवरील आकड्यावर मात्र कधींहि विश्वास ठेवूं नये. एकच मोजणारें यंत्र आळीपाळीनें सर्व स्क्रूंवर फिरतें. ज्यास कांहींच जोडलेलें नाहीं, तो आपल्या शेजाऱ्याचाच आकडा थोडाबहुत पुटपुटतो. वर्गांत धडा न करितां आलेल्या मुलाप्रमाणेंच तें आहे.

५. वहींतील लाट

आतां ती हकीकत. दहावीच्या वर्गास गरम पाणी निवण्याचा प्रयोग दिला होता. एल्. एम्. ३५ नांवाचा लहानसा उष्णतामापक कांचेच्या नळींत बसवून पाण्यांत सोडावयाचा; तो दर अंशास १० मिलिव्होल्ट देतो. त्यास वीज नऊ व्होल्टच्या बॅटरीची. तेथून सुमारें सहा मीटर लांबीची तार भिंतीच्या कडेनें कार्डापर्यंत येते. संगणक दर पांच सेकंदांनीं एक वाचन घेई, व मुलें तें वहींत उतरवीत. मुलांच्या चार तुकड्या होत्या, व प्रत्येकीनें निराळ्या दिवशीं प्रयोग केला.

तीन तुकड्यांचे आलेख सुरेख आले. ८० अंशांपासून हळूहळू उतरणारी, पुस्तकांतल्यासारखी रेघ. चवथ्या तुकडीची वही एका विद्यार्थिनीनें लिहिली होती. तिची रेघ उतरत होती खरी, पण लाटा घेत. दोन अंश वर, दोन अंश खालीं. कधीं वीस सेकंदांची लाट, कधीं पन्नास. आम्हीं विचारलें, "पाणी ढवळत होतां काय?" ती म्हणाली, "नाहीं, सर. पडद्यावर आलें तेंच लिहिलें." निवणारें पाणी आपण होऊन पुन्हां तापत नाहीं, हें तर उघड होतें, म्हणून दोष हाताचा, असें आम्हीं ठरविलें. वहीवर तांबडी रेघ ओढली, "निष्काळजीपणा" असा शेरा मारला, आणि दहांपैकीं चार गुण दिले. इतर तिघांस नऊ मिळाले.

पुढें एक महिन्यानें, खोली झाडण्याच्या दिवशीं, उष्णतामापक बादलींतील गार पाण्यांत पडून होता व संगणक चालूच राहिला होता. बादलीजवळ कोणीहि नव्हतें. पडद्यावर २७ अंशांभोंवतीं तीच लाट होती! दोन अंश वर, दोन अंश खालीं. आम्ही तेथेंच बाकावर बसलों. त्या मुलीचे शब्द आठवले.

मग क्रमानें तपासणी केली. कार्डाचा मोजणीचा स्क्रू शेजारच्याच एका अर्थच्या स्क्रूस जोडला. शून्य आलें, लाट नाहीं. तेथेंच सेल लाविला; स्थिर. अर्थात् कार्ड, पत्ता व प्रोग्राम निर्दोष. मग तार पूर्ववत् जोडून तोच सेल तिच्या दूरच्या टोंकास लाविला. लाट परत आली. उष्णतामापकाचा दोष नाहीं हेंहि यावरून कळलें. राहतां राहिली तार व तिचे दोन स्क्रू. मल्टिमीटरनें पाहतां मोजणीची तार एका ओहमच्या आंत, पण अर्थच्या तारेचा कांटा हजारों ओहमांत डोलत होता. त्या तारेवरचा स्क्रू सोडला, तों पितळेवर हिरवा कळंक चढलेला. दोन पावसाळ्यांत तो सांधा आंतून कुजला होता. तारेचें टोंक कापून नवें सोललें, स्क्रू घासून घट्ट केला, आणि लाट गेली.

पण कुजलेल्या सांध्यानें लाटच कां यावी? भिंतींतील विजेचा प्रवाह सेकंदास सुमारें ५० वेळां झुलतो, व जवळून जाणाऱ्या लांब तारेंत त्याची अल्पशी कुजबूज शिरते. अर्थचा सांधा चांगला असला म्हणजे ती कुजबूज तेथेंच जिरते. सांधा कुजला कीं ती वाचनांत उतरते. येथें ती सुमारें २० मिलिव्होल्ट, म्हणजे दोन अंशांइतकी होती. आतां घाण्याचा बैल डोळ्यांपुढें आणा. तो सारखा फिरत आहे, आणि आपण डोळे मिटून ठराविक वेळानेंच क्षणभर उघडतों. तेवढ्या वेळांत त्याच्या बरोबर पूर्ण फेऱ्या झाल्या, तर बैल नेहमीं एकाच जागीं, म्हणजे उभाच दिसेल. फेरी थोडी अपुरी राहिली, तर बैल सावकाश मागें सरकत आहे असा भास होईल. विजेचें तेंच झालें. पांच सेकंदांत २५० झोके व्हावयाचे. परंतु भारतांतील विजेची गति ४९.९० ते ५०.०५ या मर्यादेंत ठेवण्याचा नियम असून तींत ती सदैव थोडी हालत असते. गति ४९.९५ असली तर पांच सेकंदांत २४९.७५ झोके होतात. दर वाचनास पाव झोका कमी. चार वाचनांत एक पुरी लाट, म्हणजे वीस सेकंद! गति ४९.९८ झाली कीं तीच लाट पन्नास सेकंदांची दिसते. एवढ्या जलद झोक्याची ही सावकाश सांवली. आणि तिची चाल अनियमित, म्हणून ती मनुष्याच्या हातचीच वाटली.

यावर आणखी एक उपाय आम्हीं केला. एकच वाचन घेण्याऐवजीं दर वेळीं २० मिलिसेकंदांत सारख्या अंतरानें शंभर वाचनें घेऊन त्यांची सरासरी काढतों. २० मिलिसेकंदांत विजेचा एक झोका पुरा होतो. वर गेलेलें खालीं गेलेल्यानें फिटतें. दोन्ही तारा एकमेकींस पिळून नेल्या असतां कुजबूज आणखी कमी होते.

६. मग त्या तीन वह्यांचें काय?

हा प्रश्न तुमच्या मनांत आलाच असेल. सांधा चारहि दिवशीं कुजलेलाच होता, तर तीन तुकड्यांना लाट कशी दिसली नाहीं? आम्हीं त्यांस बोलावून शांतपणें विचारलें. त्यांनीं सांगितलें कीं लाट त्यांनाहि दिसली होती. परंतु ती चूक दिसेल व गुण जातील, म्हणून त्यांनीं आकडे जुळवून घेतले. त्यांना आम्ही शिक्षा केली नाहीं. सुबक रेघेस नऊ व खऱ्या आकड्यास चार गुण मिळतात, हा धडा त्यांना आमच्याच तांबड्या शाईनें शिकविला होता. दुसरे दिवशीं वर्गापुढें आम्हीं आपली चूक कबूल केली, शेरा खोडला व गुण बदलले. त्या एका वहीमुळें बिघाड सांपडला असता. चारहि वह्या तशाच असत्या तर पहिल्याच आठवड्यांत सांपडला असता. आम्हींच तो महिनाभर लपविला.

१९४७ सालच्या सप्टेंबरच्या ९ तारखेस अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क टू या संगणकांत एक पतंग अडकलेला सांपडला. तेथील मंडळींनीं तो फेंकून न देतां चिकटपट्टीनें नोंदवहींत लाविला व खालीं नोंद केली. ती वही आज वॉशिंग्टन येथील संग्रहालयांत आहे. बिघाड जसा दिसला तसा लिहून ठेवणें ही दुरुस्तीची पहिली पायरी होय. बाकीचे नियम थोडक्यांत असे:

(१) एका वेळीं एकच गोष्ट बदला, व बदल लिहून ठेवा.
(२) सोपें व स्वस्त आधीं तपासा: प्लग, तार, स्क्रू, मळ.
(३) ज्ञात माप लावून पाहा. अंदाजावर जाऊं नका.
(४) वाट मधोमध तोडून पाहा, म्हणजे दोष कोणत्या अर्ध्यांत आहे तें कळेल.
(५) बदलल्यानें फरक पडला नाहीं, तर पूर्ववत् करूनच पुढें जा.

पालकांस एक विनंति. मुलगा किंवा मुलगी घरीं येऊन "आकडा असाच आला" म्हणेल, तेव्हां तो विचित्र दिसला तरी रागावण्यापूर्वीं एकदां यंत्राकडे पाहा. आकडा खरा लिहिण्याची संवय एकदां मोडली, तर ती परत बसविण्यास कोणताहि स्क्रू नाहीं.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. १० बिटांचें कार्ड ० ते ५ व्होल्ट मोजतें. त्याची एक पायरी किती मिलिव्होल्टची?
२. विजेची गति ४९.९६ असून दर पांच सेकंदांनीं एक वाचन घेतलें, तर खोटी लाट किती सेकंदांची दिसेल?
३. शून्याच्या जागीं ०.०२ व सेलच्या जागीं १.५६ व्होल्ट असा आकडा कार्डानें दिला, मल्टिमीटर १.५४ म्हणतो. दोष कोणत्या प्रकारचा?
४. तुमच्या घरांतील एखादी न चालणारी वस्तु घ्या. तिचे मुक्काम लिहून काढा, व वडील माणसांस विचारून, प्लग काढून, पहिले दोन तपासा. काय दिसलें तें जसेंच्या तसें वहींत लिहून आणा. त्याचे गुण सुबकपणास मिळणार नाहींत.